सहलीचा विमा घेताना

विम्याचे नाव काढले की दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतात, 'निघताना कशाला अभद्र बोलावे?' दुसरे म्हणतात, 'सर्वांत स्वस्त कोणता तो द्या.' आमचे आयुष्य कामगारांचे करार वाचण्यात गेले. शाळा सातवीत सुटली. पण तळाचा बारीक मजकूर वाचल्याखेरीज सही करू नये, एवढे चळवळीने आम्हांला शिकविले. आणि तरीही सहलीच्या विम्याच्या बाबतीत आम्ही दुसऱ्या प्रकारातच मोडत होतो. ती हकीकत पुढे येईलच.

प्रवासाचा विमा ही काही आजची कल्पना नव्हे. इंग्लंडात 1849 साली 'रेल्वे पॅसेंजर्स अ‍ॅश्युरन्स कंपनी'चे विमापत्र स्थानकावर तिकिटाबरोबर मिळू लागले. पहिल्या वर्गाच्या उतारूने तीन पेन्स भरले, तर अपघाती मृत्यूबद्दल वारसांना 1000 पौंड. दुसऱ्या वर्गाला दोन पेन्सांत 500, तिसऱ्याला एका पेनीत 200. हिशेब करून पाहावा. श्रीमंताला पेनीमागे 333 पौंड, गरिबाला 200! तिसऱ्या वर्गाच्या डब्यात धोका अधिक, असे विमेवाले म्हणतील. आम्ही काय म्हणू, ते सांगावयास नकोच.

आपल्या रेल्वेत 2016 पासून ऑनलाइन तिकिटावर असा विमा मिळतो. आरंभी त्याला 92 पैसे पडत. आज अर्ध्या रुपयाहूनही कमी पडतात. मृत्यूबद्दल 10 लाख, इस्पितळाच्या खर्चासाठी 2 लाखांपर्यंत. आणि येथे वर्ग कोणताही असो, रक्कम एकच. मात्र तो मागून घ्यावा लागतो आणि नंतर येणाऱ्या संदेशातील दुव्यावर वारसाचे नाव भरावे लागते. हे दुसरे काम पुष्कळ लोक करीतच नाहीत. खिडकीवर तिकीट काढणाऱ्याला ही सोय नाही. त्याला आधार रेल्वे कायद्याचा : गाडीच्या अपघातात मृत्यू आल्यास 2017 पासून 8 लाखांची भरपाई ठरलेली आहे, आणि ती रेल्वे दावे न्यायाधिकरणापुढे मागावी लागते. तेथे प्रवासाचा पुरावा लागतो, तेव्हा तिकिटाचा कपटा जपून ठेवावा.

परंतु हा झाला अपघाताचा विमा. गाडीत ताप आला, बॅग चोरीस गेली, तर त्याचा उपयोग नाही. परदेशी जाणाऱ्याची गरज तर निराळीच. तेथे खरा धोका इस्पितळाच्या बिलाचा.

आमचे एक सहकारी, निवृत्त फिटर, पत्नीसह सिंगापूरच्या सहलीस निघाले. उभ्या आयुष्यातली पहिली चैन. तीन कंपन्यांचे दर घेऊन ते युनियनच्या कचेरीत आले. आम्ही फक्त हप्त्याचा रकाना पाहिला आणि बोट ठेवले, 'भाऊ, हा घ्या.' प्रस्तावपत्र एजंटाने भरले. 'पूर्वीचा आजार' या प्रश्नापुढे त्याने 'नाही' लिहिले. भाऊंनी सही केली. मधुमेहाची गोळी ते नऊ वर्षे घेत होते. चौथ्या दिवशी छातीत दुखू लागले. जीव वाचला, दावा मात्र नामंजूर झाला. भविष्यनिर्वाह निधीतला मोठा हिस्सा त्या बिलात गेला. एजंट नामानिराळा राहिला, कारण कागदावर सही भाऊंची होती. आणि आम्ही? वाचविलेल्या तीनशे रुपयांचा सल्ला आमचा होता.

तेव्हापासून आम्ही विमापत्र शेवटाकडून वाचतो. 'काय मिळणार नाही' ही यादी आधी पाहावी. पूर्वीचा आजार अजिबात वगळला आहे, की जिवावर बेतल्यास तेवढ्यापुरता धरला आहे? दारू घेतलेली असताना झालेला अपघात बहुधा वगळलेला असतो. पॅराग्लायडिंगसारखे खेळही पुष्कळदा. मग पाहावे की प्रत्येक दाव्यात पहिली किती रक्कम आपल्या खिशातून जाणार. हप्ता स्वस्त असतो तो अनेकदा याच कलमामुळे. रकमेची मर्यादा देश पाहून ठरवावी. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागतेच. अमेरिकेत उपचार इतके महाग आहेत की तेथला हप्ताच वेगळा असतो. 'अमेरिका व कॅनडा वगळून' असे शब्द विमापत्रावर असतील तर ते नीट वाचावेत.

सहल रद्द झाल्यास पैसे परत मिळतात, पण विमापत्रात लिहिलेल्या कारणांसाठीच. रजा नाकारली गेली हे कारण त्या यादीत आहे का, हे नोकरदाराने मुद्दाम विचारावे. ही सोय हवी असेल तर तिकिटे काढतानाच विमा घ्यावा. आदल्या रात्री घेतलेल्या विम्याला त्या बाबतीत फारसा अर्थ नाही. सामानाचे कलम आम्ही फार मनावर घेत नाही. हरवल्याची लेखी नोंद विमानतळ सोडण्यापूर्वी घ्यावी, एवढे पुरे.

दावा अन्यायाने नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आले किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे; मुदत एक वर्षाची. तेथे फी नाही आणि वकीलही चालत नाही. आम्ही भाऊंचा अर्ज तयार केला होता. पण प्रस्तावपत्रावरील तो 'नाही' हा शब्द पुन्हा पाहिला आणि अर्ज फाडून टाकला.

पुढल्या वर्षी भाऊ मुलीकडे दुबईला गेले. या खेपेस प्रस्तावपत्र कचेरीतल्या टेबलावर दोघांनी मिळून भरले. मधुमेह लिहिला, हृदयविकार लिहिला, गोळ्यांची नावेही लिहिली. हप्ता दुपटीहून अधिक पडला. कंपनीच्या मदतकेंद्राचा क्रमांक वहिनींनी आपल्या पर्समध्ये वेगळ्या कागदावर लिहून ठेवला.