गॅझेटात खापरपणजोबा सापडत नसतात

अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनापासून जालना जिल्ह्यात कुणबी नोंद शोधणारा घरटी एक संशोधक तयार झाला आहे. हे चांगलंच झालं. पणजोबांच्या पलीकडे कधी न गेलेली माणसं आता माळ्यावरच्या ट्रंका उघडून जुने कागद चाळतायत. पण पारावर, झेरॉक्सच्या दुकानात, तहसीलच्या व्हरांड्यात एक वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की आता डोकं उठतं: ‘हैदराबाद गॅझेटात आमच्या खापरपणजोबांचं नाव आहे, तेवढं पान काढून द्या.’

असं पान नाही. कुणाच्याच खापरपणजोबांचं नाही.

ज्याला आपण गॅझेट म्हणतो ते मुलखाची माहिती देणारं पुस्तक आहे. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होतं आणि त्या जिल्ह्याचं असं पुस्तक 1884 साली निघालं. हैदराबाद संस्थानाचा ग्रंथ 1909 चा. त्यांत नद्या आहेत, पिकं आहेत, बाजारपेठा आहेत, आणि कोणत्या जातीचे किती लोक राहतात याचे आकडे आहेत. आकडे! शेतकऱ्यांची नावं नाहीत.

यावर लगेच दुसरा प्रश्न येतो. आकडे आले म्हणजे कुणीतरी घरोघर फिरून माणसं मोजली असतील, मग ती यादी कुठे आहे? रास्त प्रश्न आहे. निजामाच्या राज्यात पहिली जनगणना 1881 साली झाली. पण बेरजा करून तक्ते छापून झाले की घरोघरचे कागद जपून ठेवायची पद्धत नव्हती. उरले ते तक्ते.

तरीही पटत नसेल तर 2 सप्टेंबर 2025 चा शासन निर्णय वाचा. हैदराबाद गॅझेटचा आधार घेणाऱ्या याच निर्णयात गावपातळीवर चौकशी करायला समिती नेमली आहे. गॅझेटात नावं असती तर समितीला गावात पाठवायची गरजच काय होती?

मग नाव सापडतं कुठे? जमिनीच्या कागदात. आणि तिथे आजपासून मागे, एकेक पिढी करत जावं लागतं. एकदम 1870 मध्ये उडी मारता येत नाही. आजचा सातबारा घ्या, त्यावरचे फेरफार काढा. जमीन एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, म्हणून जुना सर्व्हे नंबर शोधा. तो धरून 1954-55 चं खासरा पत्रक गाठा, मग त्याआधीची पाहणी पत्रकं, त्यामागे उर्दूतला सेतवार (सर्व्हे नंबरवार जमिनीची नोंद) आणि त्याहून जुनं असेल ते मोडीत. निजामाच्या दफ्तराचा मोठा भाग हैदराबादच्या तेलंगणा राज्य अभिलेखागारात आहे.

समजा, खासरा पत्रकात ‘किसन वलद राणू’ अशी नोंद मिळाली, म्हणजे राणूचा मुलगा किसन. सेतवारात ‘राणू वलद किसन’ दिसला की लोक पेढे वाटतात. जरा थांबा. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला देतात, चुलत भाऊही तेच नाव ठेवतात. एका गावात एकाच काळात तीन राणू वलद किसन असू शकतात. त्यातला तुमचा कोणता हे आडनावावरून ठरत नाही, कारण जुन्या नोंदीत बहुतेक वेळा आडनावच नसतं. ते ठरतं सर्व्हे नंबर, आकार (शेतसारा) आणि बांधालगतच्या खातेदारांवरून. हे तिन्ही जुळलं तरच तो तुमचा राणू.

खापरपणजीचा शोध याहून अवघड. जमिनीच्या कागदात बाई बहुधा नवरा वारल्यावरच येते, ‘गंगाबाई कोम राणू’, म्हणजे राणूची बायको, अशी. म्हणून वारसाच्या नोंदी वगळू नका. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थपुरोहितांच्या वह्याही बघा. तिथे यात्रेला आलेल्या घरातली नावं टिपलेली असतात.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

‘रझाकारांच्या काळात सगळे कागद जळाले.’ न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात ऑक्टोबर 2023 पर्यंत मराठवाड्यातले सुमारे पावणेदोन कोटी कागद तपासले गेले आणि त्यांत कुणबी असल्याच्या 11,530 नोंदी मिळाल्या. सगळं जळालं असतं तर तपासलं काय?

‘कागदावर 1290 आहे, म्हणजे हिजरी.’ महसुली कागदावर बहुधा फसली, म्हणजे शेतसाऱ्याचं साल असतं. त्यात सालाच्या सुरुवातीच्या महिन्यांसाठी 590 मिळवा, उरलेल्या महिन्यांसाठी 591. फसली 1290 म्हणजे 1880-81. हिजरी धरलंत तर सात वर्षं मागे, 1873 ला जाल आणि बापाच्या जागी आजा लावून बसाल.

‘जालन्याच्या कार्यालयात नाही, म्हणजे कुठेच नाही.’ जालना जिल्हा 1 मे 1981 चा. त्याआधी परतूर परभणीत होतं आणि बाकीचा भाग औरंगाबादेत. तिथेही विचारा.

‘जमीन नव्हती, मग कागद कसला?’ देवस्थानच्या किंवा दर्ग्याच्या सेवेची इनामं, वतनं असलेल्यांचे मुंतखब (इनाम मंजुरीचे कागद) आणि विरासतीचे, म्हणजे वारसाचे, कागद असतात. 1951 च्या नागरिक नोंदवहीत भूमिहीनही आहेत. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेल्या बेथेल या ख्रिस्ती वस्तीशी ज्यांचं नातं आहे, त्यांनी आधी चर्चकडे बाप्तिस्म्याच्या नोंदी विचाराव्यात.

‘आमचे पणजोबा असईच्या लढाईत होते.’ ती लढाई 23 सप्टेंबर 1803 ची. आज साठीत असलेल्या माणसाचे पणजोबा साधारण 1870-80 च्या सुमारास जन्मलेले. ते असईला लढले असतील, तर जन्माला यायच्या निदान पासष्ट वर्षं आधी लढले!