वैद्यकीय शिक्षणासाठीं परदेशीं जाणाऱ्याची पेटी

वैद्यकीच्या शिक्षणासाठीं समुद्रापलीकडे जाणें ही ठाणें-कल्याणच्या बाजूला नवी गोष्ट नाहीं. ज्यांचें बालपण कल्याणांत गेलें त्या आनंदीबाई जोशी १८८३ सालच्या एप्रिल महिन्यांत कलकत्त्याहून आगबोटीनें निघाल्या आणि जूनमध्यें न्यूयॉर्कला उतरल्या. त्या वेळीं त्यांचें वय १८ वर्षांचें होतें. पती गोपाळराव पोस्टखात्यांत नोकरीस असल्यामुळें मागेंच राहिले होते. आज डोंबिवलीचा किंवा ठाण्याचा विद्यार्थी जॉर्जिया, रशिया, कझाकस्तान, किरगिझस्तान, फिलिपाइन्स अशा देशांत वैद्यकी शिकण्यास जातो. त्याचा प्रवास दोन महिन्यांचा नसून कांहीं तासांचा असतो. तरीहि जाण्यापूर्वीं आठ-पंधरा दिवस घरांत पेटी उघडी पडलेली असते, आणि तींत काय भरावें यावर आई, बाप, आजी व शेजारी यांचें एकमत होत नाहीं, तें मात्र त्या काळासारखेंच आहे.

पेटी भरण्याचा विचार कागदांपासून सुरू व्हावा. लोणच्याची बरणी राहिली तर जीव हळहळतो. कागद राहिला तर वर्ष जातें. पासपोर्ट व प्रवेशपत्र कोणी विसरत नाहीं. विसरतात तीं दहावी-बारावीचीं मूळ गुणपत्रकें, शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला आणि ‘नीट’ परीक्षेचें गुणपत्रक. परदेशीं शिकून भारतांत वैद्यकी करूं इच्छिणाऱ्यास ही परीक्षा २०१८ पासून आवश्यक झाली आहे, आणि तिचें गुणपत्रक पुढें पांच-सहा वर्षांनीं पुन्हां मागितलें जातें. तेव्हां तें शोधण्यासाठीं माळ्यावर चढण्यापेक्षां आजच जपून ठेवलेलें बरें.

महाराष्ट्रांतील विद्यार्थ्याची एक खास अडचण येथें सांगणें जरूर आहे. आपल्याकडे बोर्डाच्या गुणपत्रकावर आधीं आडनांव, मग स्वतःचें नांव व नंतर वडिलांचें नांव, असा क्रम असतो. पासपोर्टावर दिलेलें नांव वेगळें व आडनांव वेगळें लिहिलेलें असतें, आणि वडिलांचें नांव कधीं त्यांत असतें, कधीं नसतें. आपल्याला यांत कांहींच वावगें वाटत नाहीं. परंतु बिश्केक किंवा तिबिलिसी येथील कारकुनास ‘कुलकर्णी’ हें आडनांव आहे कीं मुलाचें नांव, हें कसें कळावें? दोन कागदांवर दोन क्रम दिसले कीं त्याला तीं दोन माणसें वाटतात. म्हणून सर्व कागद एकमेकांशीं ताडून पाहावे, आणि स्पेलिंगमध्यें एका अक्षराचा जरी फरक असला तरी तो घर सोडण्यापूर्वीं दुरुस्त करून घ्यावा. पदवीवर नांव चुकीचें उमटलें म्हणजे तें आयुष्यभर पुरतें.

दुसरी गोष्ट प्रमाणीकरणाची. एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशानें मानावा म्हणून १९६१ सालीं हेग येथें एक करार झाला, आणि भारत त्यांत २००५ सालीं सामील झाला. त्या कराराप्रमाणें कागदावर जें प्रमाणपत्र लावतात त्याला ‘अपोस्टिल’ म्हणतात. आधीं राज्य सरकारची साक्षांकनाची मोहोर व मग परराष्ट्र मंत्रालयाचें हें प्रमाणपत्र, असा त्याचा क्रम आहे. बरेच पालक मुलाचीं गुणपत्रकें प्रेमानें प्लॅस्टिकमध्यें कायमचीं मढवून ठेवतात. असें मढविलेल्या कागदावर मोहोर उठत नाहीं, आणि प्लॅस्टिक सोलूं गेल्यास अक्षरेंहि त्याबरोबर निघून येतात. रशियाच्या विद्यार्थी-व्हिसासाठीं एच्. आय्. व्ही. नसल्याचें वैद्यकीय प्रमाणपत्रहि लागतें. तें वेळेवर करून घ्यावें.

आणि पेटी भरण्याच्याहि आधीं एक गोष्ट पाहिली पाहिजे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें २०२१ च्या नोव्हेंबरमध्यें जे नियम केले, त्यांप्रमाणें परदेशांतील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा असला पाहिजे. तो इंग्रजी माध्यमांतून झाला पाहिजे. त्याच संस्थेंत १२ महिन्यांचें प्रत्यक्ष काम झालें पाहिजे. आणि ती पदवी घेणाऱ्यास त्या देशांत स्वतः वैद्यकी करण्याचा परवाना मिळण्याजोगा असला पाहिजे. दलाल गोड बोलतो, फीचे हप्ते सांगतो, वसतिगृहाचीं चित्रें दाखवितो. हे चार प्रश्न विचारले म्हणजे मात्र पुष्कळदां तो दुसरा विषय काढतो. ज्या महाविद्यालयाचीं उत्तरें लेखी मिळत नाहींत, तेथें जाण्यासाठीं पेटी विकतच घेऊं नये.

कपड्यांच्या बाबतींत आनंदीबाईंची हकीकत मोठी बोधक आहे. जाण्यापूर्वीं २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं सेरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहांत त्यांनीं इंग्रजींतून भाषण केलें आणि आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं, असें सांगितलें. पोशाख बदलावयाचा नाहीं, मांसाहार करावयाचा नाहीं, हा त्यांचा निश्चय होता. हा निश्चय पेटींत मावणारा नव्हता. पण पेटींतील सारें सामान त्यावरून ठरलें. पुढें फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यानें त्या निश्चयाची परीक्षा घेतली. नऊवारी लुगड्याचा कासोटा घातला म्हणजे पोटऱ्या उघड्या राहतात. कोंकणच्या हवेंत तें सोयीचें असतें. बर्फांत तें जिवावरचें होतें. आनंदीबाईंनीं विलायती झगा घातला नाहीं. त्या गुजराती पद्धतीनें साडी नेसूं लागल्या. तिनें पाय घोट्यापर्यंत झांकतात आणि आंतून ऊबदार परकरहि घालतां येतो. १८८५ सालीं काढलेलें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांत जपानच्या केई ओकामी आपल्या किमोनोंत, सीरियाच्या साबात इस्लांबूली आपल्या देशीं पोशाखांत आणि आनंदीबाई साडींत आहेत. वचन मोडलें नाहीं आणि शरीरहि झांकलें. एवढी तडजोड करण्यास शहाणपण लागतें, आणि तें त्या वयांत त्यांच्याजवळ होतें.

तरीहि प्रकृति टिकली नाहीं. परक्या अन्नावर त्यांचें नीट भागत नसे. राहण्याच्या खोलींतील चूल पेटविली तर धूर कोंडे आणि न पेटविली तर थंडी. १८८६ च्या मार्चमध्यें त्यांनीं पदवी घेतली, त्याच वर्षाच्या अखेरीस त्या मायदेशीं परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास क्षयानें त्यांचा अंत झाला. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. ती जागा तशीच राहिली. या मृत्यूचा सारा दोष थंडीवर किंवा अन्नावर ढकलणें न्यायाचें होणार नाहीं. क्षयाचा जंतु कॉख यानें नुकताच, १८८२ सालीं, दाखविला होता, आणि त्यावरचें पहिलें गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसीन, १९४३ सालीं सांपडलें. परंतु ऊब, अन्न आणि मोकळी हवा या तीन गोष्टी शिकणाऱ्याच्या सामानांतच मोजल्या पाहिजेत, एवढें त्यावरून निश्चित दिसतें.

तेव्हां आज कपडे कसे न्यावे? ठाण्याच्या दुकानांत मिळणारा जाड कोट दिसावयास भारदस्त असतो. पण तो पेटीची अर्धी जागा खातो, आणि उणें २० अंशांच्या थंडींत कांहीं कामाचा नसतो. थंड देशांतील माणसें थंडीसाठींच कपडे शिवतात. कोट व बर्फांत न घसरणारे बूट तेथेंच घ्यावे. येथून न्यावे ते आंतले अंगासरशीं बसणारे गरम कपडे दोन-तीन जोड, लोंकरी मोजे, कानटोपी आणि एक साधा स्वेटर. हा स्वेटर हातांतल्या पिशवींतच असावा, कारण सामान कधीं कधीं दोन दिवस मागाहून येतें. पांढरे ॲप्रन मात्र येथूनच दोन शिवून न्यावे. रोजचें कापड साधें, लवकर वाळणारें असावें. वसतिगृहांत धोबी नाहीं आणि कल्याणचें ऊनहि नाहीं.

खाण्याच्या जिनसांपाशीं मात्र सगळ्यांचा विवेक सुटतो. विमान कंपनी बहुधा २० ते ३० किलो सामान नेऊं देते, आणि त्यांतील पंधरा किलो फराळच असतो असें दिसून येतें. याबाबत दोन-तीन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. सुकें खोबरें विमानाच्या सामानांत घालण्यास २०२२ पासून मनाई आहे. त्यांतील तेलामुळें तें पेट घेऊं शकतें. कोंकणी घरांत ही गोष्ट कोणाला खरी वाटत नाहीं, आणि मग सहारच्या विमानतळावर पेटी उघडून खोबऱ्याच्या वाट्या बाहेर काढाव्या लागतात. दुसरी सूचना याहून गंभीर आहे. मध्य आशियाच्या देशांकडे जाणारे बरेच विद्यार्थी दुबई, शारजा या वाटेनें जातात, आणि त्या देशांत खसखस हा अंमली पदार्थ समजला जातो. अनारशांवर खसखस असते! आजीनें मायेनें दिलेला तो डबा नातवाला पोलिसाच्या खोलींत बसवूं शकतो. अनारसे घरींच खाऊन निघावें. कोडीन असलेलें खोकल्याचें औषधहि याच कारणानें नेऊं नये. नित्याचीं औषधें न्यावयाचीं तर मूळ वेष्टनांत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीं.

मेतकूट, भाजणी, सांबाराचा मसाला हे साध्या पिशवींत बांधून दिले तर कस्टमचा अधिकारी त्या पिवळ्या भुकटीकडे संशयानें पाहतो, आणि त्यांत त्याची चूक नाहीं. बंद पाकीट, वर छापील नांव, असे जिन्नस न्यावे. तूरडाळ थोडी न्यावी. तांदूळ नेऊं नये, तो सर्वत्र मिळतो. दह्याची चिंता तर अगदींच व्यर्थ आहे. जॉर्जियांत ‘मात्सोनी’ नांवाचें जें दहीं घरोघर लागतें, तें आपल्या दह्याचेंच भावंड आहे. खरी उपयोगाची वस्तु म्हणजे गोडा मसाला, हिंग, आमसुलें आणि लहान कुकर. आमसुलें हलकीं असतात, सांडत नाहींत, वर्षभर टिकतात. लोणचें नेमकें याच्या उलट. कुकर सपाट बुडाचा असावा, कारण वसतिगृहांत विजेची शेगडी असते. मात्र हें सारें नेण्यापेक्षां वरणभात, भाजी आणि पोळी करण्यास मुलास येथेंच शिकवून पाठविणें अधिक स्वस्त पडतें. मुलीला हें यावें आणि मुलाला येऊं नये, असा नियम बिश्केकच्या वसतिगृहांत चालत नाहीं.

पुस्तकांविषयीं मतभेद आहेत. परदेशांत शिकून आलेल्यास भारतांत परवान्यासाठीं ३०० गुणांची परीक्षा द्यावी लागते व तींत १५० गुण मिळवावे लागतात. बरेच विद्यार्थी या पायरीवर अनेक वर्षें अडकून पडतात. ती परीक्षा आपल्या अभ्यासक्रमावर असल्यामुळें चौरसिया यांचें शरीररचनाशास्त्र पहिल्या वर्षीं जवळ असावें. त्रिपाठी यांचें औषधिशास्त्र आणि हर्ष मोहन यांचें विकृतिशास्त्र नंतर सुटीत आल्यावर नेतां येतात. पहिल्याच खेपेस तीं सारीं वाहून नेणें म्हणजे बैलगाडींत पुढच्या वर्षाचें गवत भरणें होय. स्टेथोस्कोपहि पहिल्या वर्षीं भिंतीवरच टांगलेला राहतो. त्याच्या जागीं त्या देशाच्या भाषेचें लहानसें पुस्तक न्यावें. व्याख्यान इंग्रजींत होतें, पण रुग्णालयांतील म्हातारी आपलें दुखणें रशियनांत किंवा जॉर्जियनांत सांगते. रशियन वर्णमालेंत ३३ अक्षरें आहेत, जॉर्जियन वर्णमालेंतहि ३३ च. डोंबिवलीहून छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसला रोज गाडीनें जाणाऱ्या मुलास तीं महिन्याभरांत सहज येतील.

चष्म्याचे दोन जोड आणि क्रमांकाची चिठ्ठी. दांत येथेंच दाखवून घेतलेले. विजेच्या गोल दोन कांट्यांच्या खिळ्यांसाठीं एक जोड-प्लग, कारण आपला तीन कांट्यांचा प्लग तेथें बसत नाहीं. पॉवर बँक हातांतल्या पिशवींत, मोठ्या पेटींत नव्हे. या गोष्टी एवढ्यांतच आटोपतात.

शेवटची पिशवी मात्र नीट भरली पाहिजे. २०२२ च्या फेब्रुवारींत युक्रेनमध्यें युद्ध पेटलें, तेव्हां तेथें हजारों भारतीय विद्यार्थी वैद्यकी शिकत होते. त्यांना भारत सरकारनें ‘ऑपरेशन गंगा’ या मोहिमेनें परत आणलें. पण पोलंड व रुमानियाच्या सीमेपर्यंत पुष्कळांना बर्फांतून चालत जावें लागलें. कुकर, पुस्तकें, जाड कोट यांतलें बरेंचसें मागेंच राहिलें. परत आल्यावर शिक्षण पुढें चालवावयाचें तर किती वर्षें, कोणते विषय, किती गुण, याचा लेखी पुरावा पाहिजे होता, आणि तो ज्याच्यापाशीं होता त्याचा मार्ग त्यामानानें सुकर झाला. म्हणून पाठीवर मावेल अशी एक लहान पिशवी वेगळीच असावी. तींत पासपोर्ट, प्रमाणित कागद, प्रत्येक सत्राचें गुणपत्रक मिळतांच त्याची प्रत, थोडे डॉलर, आठवड्याचीं औषधें आणि आपल्या वकिलातीचा पत्ता कागदावर लिहिलेला असावा. फोनची बॅटरी संपली कीं फोनमधील पत्ताहि संपतो. याच सर्व कागदांचा दुसरा संच घरच्या कपाटांत ठेवावा, आणि तो कोणत्या कप्प्यांत आहे हें घरांतल्या निदान दोन माणसांना ठाऊक असावें.