वाट पाहण्याचे शिक्षण

मुदत ठेवीच्या अर्जावर सही करणारा ग्राहक आजचा एक आनंद उद्यावर टाकत असतो. ही क्षमता माणसात येते कोठून? तिचा उगम शोधू गेल्यास पावले बालवर्गाच्या सतरंजीपाशी येऊन थांबतात.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग बालशाळेत मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस व पुढील काही वर्षांत केलेले प्रयोग सर्वश्रुत आहेत. चिमुकल्या मुलासमोर मार्शमॅलो ही साखरेची मऊ मिठाई किंवा तत्सम खाऊ ठेवायचा. आत्ता खाल्ल्यास एकच, मोठे माणूस परत येईपर्यंत थांबल्यास दोन, असा हा करार! थांबणारी मुले पुढे अभ्यासात सरस ठरली, एवढेच बहुतेकांच्या स्मरणात राहिले आणि संयम हा जन्मजात गुण आहे, अशी सोयीस्कर समजूत रूढ झाली. मिशेल यांचे निरीक्षण मात्र अधिक आशादायक होते. समोरची मिठाई म्हणजे ढग आहे अशी कल्पना करायला सुचवले, की अधीर मुलेही अधिक वेळ थांबत. थोडक्यात, थांबणे शिकवता येते. २०१८ साली नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवरून झालेल्या फेरतपासणीत तर असे आढळले, की घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर थांबण्याचा पुढील यशाशी असलेला संबंध बराच क्षीण होतो.

रॉचेस्टर विद्यापीठातील सेलेस्ट किड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याहून मार्मिक आहे. त्यांनी २८ मुलांना आधी चित्रे काढायला बसवले आणि चांगले रंगसाहित्य आणून देण्याचे कबूल केले. निम्म्या मुलांना ते मिळाले. उरलेल्यांना ‘साहित्य शिल्लक नाही’ असे सांगण्यात आले. नंतर सर्वांपुढे खाऊ ठेवला. शब्द पाळलेला पाहिलेली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली, फसवली गेलेली अवघी ३ मिनिटे. पूर्ण १५ मिनिटे थांबणारी मुले पहिल्या गटात १४ पैकी ९, तर दुसऱ्यात एकच. त्या तेरा मुलांना हावरट म्हणणे अन्यायाचे होईल. बुडीत पेढीत दुसऱ्यांदा पैसे कोण ठेवील?

मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक साधनाचा वर्गात एकच संच ठेवतात. ही काटकसर नव्हे. दुसऱ्याचे काम संपेपर्यंत थांबावे लागते, आणि तो संच पुन्हा जागेवर येतोच, याची रोज प्रचीती येते. १९३९ पासून माँटेसरी यांनी भारतातही काही वर्षे शिक्षकांना प्रशिक्षण दिले. ३ ते ८ वयोगटासाठी २०२२ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात सामाजिक-भावनिक विकासाला भाषा व गणिताच्या बरोबरीने स्थान आहे.

आपल्याकडील चाळीस मुलांच्या वर्गात ढोलकीही बहुधा एकच असते. घंटा झाल्यामुळे पाळी हुकलेल्या मुलीचे नाव बाई फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतात. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताच तिची नजर आधी त्या कोपऱ्याकडे जाते.