कमी प्रवाहाचा रिले (कार ऑडिओ)

कार ऑडिओमधील कमी प्रवाहाचा रिले हा मोटारीतील अ‍ॅम्प्लिफायर व त्यासोबतची अन्य उपकरणे चालू-बंद करण्यासाठी वापरला जाणारा, विद्युतचुंबकावर चालणारा एक छोटा स्विच आहे. संगीतसंचाच्या मुख्य युनिटवर, म्हणजेच हेड युनिटवर, पडणारा विद्युतभार कमी करणे हा त्याचा उद्देश असतो. त्यामुळे त्याची निवड करताना संपर्कबिंदूंच्या क्षमतेपेक्षा त्याचे वेटोळे किती प्रवाह घेते, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी

मोटारीतील अ‍ॅम्प्लिफायरला तीन तारांद्वारे वीज व संदेश मिळतो. बॅटरीपासून फ्यूजमार्गे येणारी जाड धन तार आणि मोटारीच्या सांगाड्याला जोडलेली ऋण तार या कायम जोडलेल्या असतात. तिसरी बारीक तार म्हणजे रिमोट तार होय. हेड युनिट सुरू झाले की या तारेवर सुमारे १२ व्होल्ट येतात आणि अ‍ॅम्प्लिफायर जागा होतो. अनेक हेड युनिटांमध्ये ही तार निळ्या रंगाची, पांढऱ्या पट्ट्याची असते. अ‍ॅम्प्लिफायरचा मुख्य प्रवाह या तारेतून जात नाही. म्हणून रिलेलाही तो वाहून न्यावा लागत नाही.

रिमोट तारेतून मर्यादित प्रवाहच घेता येतो. ही मर्यादा सामान्यतः काही शे मिलिअँपिअर असते आणि ती हेड युनिटच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. मर्यादा ओलांडल्यास आतील ट्रान्झिस्टर जळू शकतो.

रिलेची गरज

एका अ‍ॅम्प्लिफायरचे रिमोट टोक सहसा काही मिलिअँपिअर ते काही दशक मिलिअँपिअर एवढाच प्रवाह घेते. त्यामुळे एक-दोन अ‍ॅम्प्लिफायरांसाठी बहुधा रिले लागत नाही. त्याच तारेवर ध्वनिप्रक्रियक, थंड हवेचे पंखे किंवा आपोआप वर येणारी अँटेना जोडल्यास मात्र भार वाढतो. उदाहरणार्थ, प्रत्येकी १५ मिलिअँपिअरचे तीन अ‍ॅम्प्लिफायर, ६० मिलिअँपिअरचा एक प्रक्रियक आणि प्रत्येकी १०० मिलिअँपिअरचे दोन पंखे मिळून एकूण ३०५ मिलिअँपिअर भार होतो. प्रत्यक्ष भार मल्टीमीटर रिमोट तारेत एकसरीत जोडून मोजता येतो.

वेटोळ्याचा प्रवाह

वेटोळ्यातून जाणारा प्रवाह ओहमच्या नियमानुसार काढता येतो. व्होल्टेजला वेटोळ्याच्या रोधाने भागले असता प्रवाह मिळतो. इंजिन चालू असताना मोटारीतील व्होल्टेज १४.४ पर्यंत जात असल्याने हिशेब त्या आकड्यावर करणे योग्य ठरते.

- सुमारे ९० ओहमचे वेटोळे (मोटारीतील नेहमीचा ३० किंवा ४० अँपिअरचा रिले): १६० मिलिअँपिअर
- ४०० ओहमचे वेटोळे (सर्किट बोर्डावर बसणारा छोटा रिले): ३६ मिलिअँपिअर
- ७२० ओहमचे वेटोळे (संवेदनशील प्रकारचा छोटा रिले): २० मिलिअँपिअर

बाजारात सहज मिळणारा ४० अँपिअरचा रिले अधिक भक्कम म्हणून निवडला जातो. परंतु दोन अ‍ॅम्प्लिफायरांचा भार जेमतेम ३० मिलिअँपिअर असेल, तर असा रिले हेड युनिटवरील भार कमी करण्याऐवजी पाचपटीहून अधिक वाढवतो.

निवडीचे अन्य निकष

- संपर्कबिंदू: रिमोट भार क्वचितच १ अँपिअरच्या वर जातो. त्यामुळे १ ते २ अँपिअर क्षमता बहुधा पुरते. मोठ्या रिलेच्या संपर्कबिंदूंवर साचणारा पातळ थर अत्यल्प प्रवाहाने तुटत नाही व जोडणी अधूनमधून निकामी होते. सोन्याचा मुलामा असलेल्या छोट्या रिलेत हा दोष कमी आढळतो.
- ओढ-व्होल्टेज: १२ व्होल्टचा रिले साधारणतः ९ व्होल्टच्या आसपास ओढला जातो. उन्हात तापलेल्या गाडीत तांब्याचा रोध वाढतो. तापमान ५० अंश सेल्सिअसने वाढल्यास रोध सुमारे २० टक्क्यांनी वाढतो आणि तोच रिले ओढण्यास जवळजवळ ११ व्होल्ट लागतात.
- संपर्काचा प्रकार: रिले विश्रांत स्थितीत असताना उघडा राहणारा संपर्क वापरावा लागतो. अन्यथा गाडी बंद असताना अ‍ॅम्प्लिफायर चालू राहून बॅटरी उतरते.

जोडणी

मोटारीच्या नेहमीच्या रिलेवर टोकांचे क्रमांक जर्मन प्रमाणक डीआयएन ७२५५२ नुसार असतात. ८५ व ८६ ही वेटोळ्याची टोके होत. ३० वर बॅटरीची धन बाजू येते, तर ८७ वरून अ‍ॅम्प्लिफायरांच्या रिमोट टोकांकडे तार जाते. बॅटरीकडून येणाऱ्या तारेवर, बॅटरीजवळच, १ किंवा २ अँपिअरचा फ्यूज बसवतात. छोट्या रिलेची टोके वेगळी असल्याने त्याचा माहितीतक्ता पाहावा लागतो.

प्रवाह तुटताच वेटोळ्यात उलट दिशेचे मोठे व्होल्टेज निर्माण होते व ते हेड युनिटमधील ट्रान्झिस्टरला घातक ठरू शकते. म्हणून वेटोळ्याला समांतर, १एन४००१ किंवा १एन४००७ सारखा डायोड जोडतात. डायोडवरील पट्ट्याची बाजू धन टोकाकडे असावी लागते. ती उलट झाल्यास रिमोट तारेचे लघुपथन होऊन जे वाचवायचे तेच निकामी होऊ शकते.