साडी-चोळी आणि सातबारा

भाऊबीज जवळ आली की आमच्या वरूडच्या बसस्टँडवर पाय ठेवायला जागा नसते. कोणी मोर्शीला, कोणी शेंदुरजनाघाटला, कोणी पार पांढुर्ण्याला, लेकरांना घेऊन बाया माहेरी निघतात. भाऊ ओवाळणी घालतो, वहिनी साडी-चोळी देते. माहेरचा हा ओलावा हवाच. पण मैत्रिणींनो, याच ओलाव्यापोटी आपण कधीकधी न वाचता एखाद्या कागदावर सही करून मोकळ्या होतो, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

आमच्या बचत गटातली एक ताई परवा सांगत होती, "बाबा गेल्यावर भावानं तलाठ्याकडे नेलं. म्हणे, नुसती सही पाह्यजे. मी केली. भावाशी वाकडं कशाले घ्यायचं?" आता तिचा नवरा आजारी आहे आणि बाबांच्या संत्र्याच्या बागेच्या सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. असं ऐकलं की बाया एकच म्हणतात, "लगीन झालेल्या पोरीले कुठला हिस्सा वं?"

तर तो आहे! महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राचा सुधारित हिंदू वारसा कायदा लागू झाला आणि लग्न झालेली, न झालेली हा भेद गेला. तरीही २००५ च्या आधी वडील वारले असतील तर काय, यावर वर्षानुवर्षं वाद चालले. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हा हक्क जन्माने मिळतो, त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी किंवा विक्री झाली असेल, तर ती मोडता येत नाही. वडिलांनी स्वतः कमावलेली मिळकत ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात. मृत्युपत्र नसेल तर आई, मुलगे, मुली आणि आजी हयात असेल तर तीही, सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख घरांना लागू आहे. मुस्लिम भगिनींचा वारसा कायदा वेगळा आहे, पण त्यातही मुलीला वाटा आहेच.

आता त्या सहीचं. तलाठ्यापुढे "मला हिस्सा नको" असं साध्या कागदावर लिहून दिलं म्हणजे हक्क संपत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, तरच ते कायद्याने पक्कं. फेरफार ही सरकारी दप्तरातली नोंद आहे, मालकी तिच्यावरून ठरत नाही. पण नाव नसल्याचा त्रास खरा असतो. बागेवर कर्ज काढायचं, पीकविमा भरायचा, रस्त्याला जमीन गेली तर मोबदला घ्यायचा, तर आधी सातबाराच पाहतात. आणि हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की ते सहज परत घेता येत नाही. फसवून किंवा दबाव टाकून घेतलं असेल तर कोर्टात दाद मागावी लागते, तीही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत.

आपल्या वऱ्हाडात आणखी एक दुखणं आहे. कर्जापायी ज्यांचे धनी गेले, त्या सुनांचं. "जमीन सासऱ्याची, तुझा काय संबंध?" असं त्यांना ऐकवलं जातं. जमीन वडिलोपार्जित असेल तर नवऱ्याचा त्यात जन्मापासून वाटा होता. त्या वाट्यावर विधवा, तिची लेकरं आणि सासू यांचा सारखा हक्क असतो. जमीन सासऱ्याने स्वतः घेतलेली असेल तर ते हयात असेपर्यंत वाटा मागता येत नाही. पण ते मृत्युपत्र न करता वारले, तर आधी वारलेल्या मुलाची विधवा आणि लेकरं वारस ठरतात. नवऱ्याकडून वारशाने आलेला वाटा पुढे तिने दुसरं लग्न केलं तरी जात नाही.

म्हणून हे लक्षात ठेवा:

१. घरात कोणी वारलं की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वारस नोंदीचा अर्ज द्या. मृत्यूचा दाखला जोडा. वारसांच्या यादीत सगळ्या बहिणींची नावं आहेत ना, ते स्वतः पाहा. अर्जाची पोच मागून घ्या.

२. जुनी नोंद राहिली असेल तरी उशीर झाला म्हणून सोडू नका. मयतांच्या जागी वारसांची नावं लावायला सरकारने २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली. बुलडाणा जिल्ह्यात सुरू होऊन ती पुढे राज्यभर गेली.

३. फेरफाराची नोटीस आली की बाजूला ठेवू नका. हरकत घ्यायला पंधरा दिवसच असतात.

४. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीच नाही. कागद घरी आणा, शिकलेल्या लेकीकडून वाचून घ्या.

५. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज करा. १५१०० या क्रमांकावरही विचारता येतं.

जमीन बाईच्या नावे व्हावी ही गोष्ट आजची नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला बायांचं मोठं अधिवेशन भरवलं आणि पुढे 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम काढली. तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. कोणाचं घर त्यामुळे मोडलं नाही.

हक्क सोडायचाच असेल तर खुशाल सोडा. भाऊ अडचणीत आहे, आईला तोच सांभाळतो, अशी कारणं असतात आणि ती मोठ्या मनाची असतात. पण आपण काय सोडतोय, ते किती एकराचं आहे, हे कळून सोडा. आणि वाटा मागायचा ठरवलात तर कोर्टाच्या आधी भावाशी, आईशी घरात बसून बोला. सगळ्यांच्या संमतीने लेखी वाटणी होऊ शकते. ती नोंदवून घेतली की भाऊबीजेला जायला कोणाला संकोच राहत नाही.