संस्थेची अब्रू मोठी की लेकरू?

निराधार मुलांसाठी संस्था काढली की समाज संस्थाचालकाला हात जोडतो. मग त्याला जाब कोण विचारणार? बिहारमधील मुझफ्फरपूरचे बालिकागृह सरकारी अनुदानावर एक स्वयंसेवी संस्था चालवीत होती. २०१८ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पथकाचा अहवाल आला. पथकाने मुलींचे ऐकून घेतले, म्हणूनच तेथील लैंगिक अत्याचार उजेडात आले. २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले. संस्थाचालक ब्रजेश ठाकूर याला मरेपर्यंत जन्मठेप झाली. दोषींत गृहातील महिला कर्मचारी होत्या, बालसंरक्षण अधिकारी होता, बालकल्याण समितीतील माणसेही होती. राखणदारच सामील!

कायदा नाही असे नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अत्याचार कळूनही पोलिसांना न कळवणे हा गुन्हा आहे. हाताखालच्या माणसाचे कृत्य दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तरीही ‘संस्थेची बदनामी होईल’ म्हणून तोंडे बंद केली जातात. संस्थेची अब्रू लेकरापेक्षा मोठी आहे काय?

वसतिगृहांत, आश्रमशाळांत कुणाची लेकरे राहतात? आपल्याच वस्त्या-पाड्यांतली. म्हणून केवळ हजेरीपट आणि स्वयंपाकघर पाहून होणारी तपासणी पुरे झाली. कर्मचाऱ्यांना बाहेर ठेवून बाहेरच्या माणसांनी मुलांशी बोलले पाहिजे. नेमणुकीआधी पोलिस पडताळणी झाली पाहिजे. १०९८ हा क्रमांक प्रत्येक भिंतीवर लागला पाहिजे. दोन वेळचे जेवण दिले म्हणून लेकराने मुकाट सोसावे, असा करार कुणी केलेला नाही. सुरक्षितता हा दात्याचा उपकार नव्हे, मुलांचा हक्क आहे!