तटाखालचे डेरी

उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरात आम्ही शनिवार-रविवार असे दोन दिवस काढले. सरकारी कागदावर लंडनडेरी, आयरिश राष्ट्रवाद्यांच्या तोंडी डेरी. म्हणजे भांडण नावापासूनच! १६१३ ते १६१९ या काळात लंडनच्या व्यापारी संघांच्या पैशाने बांधलेला तट आजही सलग उभा आहे. दीड किलोमीटरचा फेरा, तिकीट नाही. पर्यटक तोफांजवळ फोटो काढतात.

पण हा तट कोणासाठी होता? बाहेरून आणून वसवलेल्या इंग्रज-स्कॉटिश प्रोटेस्टंटांसाठी. तटाखालच्या सखल, दलदलीच्या भागात पुढे गरीब कॅथलिकांची बॉगसाइड वस्ती वाढली. वेशीबाहेर राहणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

दगडी तटापेक्षा कागदी तट अधिक भक्कम होता. शहरात कॅथलिक बहुसंख्य. पण वॉर्डांची आखणी अशी, की १९६० च्या दशकात महापालिकेत युनियनिस्ट १२ आणि विरोधक ८! स्थानिक निवडणुकीत मत घरमालकाला किंवा भाडेकरूलाच. म्हणून घर नाकारले की मतही नाकारले जाई. मताधिकाराच्या अटींनी माणसे कशी बाद होतात, हे बाबासाहेबांनी १९१९ मध्येच साउथबरो समितीपुढे मांडले होते.

५ ऑक्टोबर १९६८ रोजी नागरी हक्कांच्या मोर्चावर पोलिसांच्या लाठ्या पडल्या. ते चित्रीकरण जगाने पाहिले. त्याच नोव्हेंबरात महापालिका बाजूला सारण्याची घोषणा सरकारला करावी लागली. १९६९ च्या कायद्याने स्थानिक निवडणुकीतही प्रत्येक प्रौढाला मत मिळाले.

मात्र ३० जानेवारी १९७२ ला बॉगसाइडमध्ये ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या. १३ जण त्याच दिवशी गेले, एक नंतर. पहिल्या चौकशीने सैनिकांना बहुतांशी सांभाळून घेतले. मृतांच्या नातेवाइकांनी हार मानली नाही. १९९८ मध्ये दुसरी चौकशी नेमावी लागली. २०१० च्या तिच्या अहवालाने मृतांना निर्दोष ठरवले आणि पंतप्रधान कॅमेरून यांनी संसदेत माफी मागितली. २०२५ मध्ये एका माजी सैनिकावरचा खटला मात्र निर्दोष सुटकेने संपला.

३८ वर्षांनी माफी मिळाली, शिक्षा कोणालाच नाही. तरीही मारलेल्यांवरचा ‘दंगेखोर’ हा शिक्का पुसला गेला, तो सरकारच्या दयेने नव्हे. घराघरांतून जपलेले कागद, साक्षी आणि दरवर्षी निघणारा मोर्चा यांनी तो पुसला. डेरीला जाणाऱ्याने तट जरूर पाहावा. पण तटावरून खाली उतरावे. शहराचा खरा इतिहास तिथे राहतो.